खुशाल लिमिटेडची आग

१

गोदाम जळालं, पण पाटी तेवढी वाचली. दरेकसा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर चार काळ्या भिंती उभ्या होत्या, छपराचे कवेलू आत कोसळले होते, आणि रस्त्याकडेच्या बांबूवर टांगलेली पाटी मात्र दिमाखात सांगत होती: 'खुशाल वनोपज प्रायव्हेट लिमिटेड'. आत तेंदूपानाची पोती होती. आता राख होती.

विम्याचे एजंट भैयाजी गोंदियाच्या गाडीतून उतरले ते थेट तिथंच आले. ही आगीची पॉलिसी त्यांनीच विकलेली. विमा कंपनी लहान, माणसं कमी. त्यामुळे जो विकतो त्यानंच जाऊन चौकशी करायची, असा तिथला कारभार होता. भैयाजींना ही चौकशी फार आवडे. विकताना लोकांच्या पाया पडावं लागे, चौकशीला आलं की लोक खुर्ची पुसून देत.

खुशालनंही पुसून दिली. हा लिमिटेड म्हणजे एकटा खुशालच. लिलावात बोली तोच लावी, जंगलातल्या फडांवर पान तोच मोजून घेई, आणि हमाल कमी पडला तर पोतंही तोच पाठीवर घेई. धंदा बुडाला तरी दवनीवाड्याची धानाची शेती वाचावी म्हणून एका वकिलानं त्याला कंपनी काढून दिली होती. कायद्याला दोन नावं लागतात, म्हणून दुसरं नाव बायकोचं, सुलोचनाबाईंचं. गावानं त्याचं नाव 'लिमिटेड शेठ' पाडलं, आणि तो ते हसण्यावारी न्यायचा. आज तो हसत नव्हता.

"फागूनं लावली, भैयाजी," तो खाली बघत म्हणाला. "माहा चौकीदार. आदल्या दिवशी त्याच्यावर रागावलो होतो. मी गोंदियाले गेलो अन् सांजच्याला त्यानं डाव साधला. मागच्या भिंतीपाशी त्याची चोंगी सापडली, पानाची, आतमधी तंबाखू तसाच. जमादारानं नेलं त्याले."

"गोदामाला कुलूप होतं?"

"होतं त. किल्ली माह्या कमरेले. दुसरी कवाच हरवली."

भैयाजींनी काठीनं दाराजवळची राख उकरली. कोयंड्याची कडी निघाली आणि तिच्यात अडकलेलं कुलूपही निघालं. ते तुटलेलं नव्हतं, वितळलेलं नव्हतं. कोणीतरी किल्लीनं नीट उघडून कडीला अडकवून ठेवावं, तसं ते उघडं होतं.

खुशालनं ते पाहिलं आणि नजर पाटीकडे वळवली.

२

ठाण्यात फागू भिंतीपाशी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा गोंड माणूस, अंगानं काटक. एका खांद्यापासून पाठीवर फोड आले होते आणि त्यावर कोणीतरी कसलासा पाला वाटून लावला होता.

भैयाजींना पहिलाच प्रश्न तिथं पडला. आग लावणारा माणूस काडी टाकून पळतो. हा आगीत गेला कशाला?

"काऊन रे फागू, तू लावली का?"

"नाई बाप्पा."

"मग कोणी लावली?"

फागूनं मान खाली घातली. "ते मी नाई सांगत."

"नाई सांगत म्हणजे तुला ठाऊक आहे."

जमादार कंटाळून म्हणाला, "हेच सुरू आहे साहेब. सांगत नाही अन् खोटंही बोलत नाही. उद्या भंडाऱ्याला पाठवतो, तिथं बोलेल." आणि त्यानं पुराव्याची चोंगी टेबलावर ठेवली.

भैयाजींनी ती उचलली. पानाची गुंडाळी, दोऱ्यानं बांधलेली, एकीकडून ओढून विझवलेली. बाकी पान कोरं, वाळलेलं, कुठं करपल्याचा डाग नाही. मागच्या भिंतीपाशी भैयाजी आताच फिरून आले होते. तिथलं गवत छपरातून पडलेल्या निखाऱ्यांनी मुळापर्यंत जळलं होतं. गवत जळालं आणि गवतावर पडलेली पानाची चोंगी जशीच्या तशी राहिली, हे काही त्यांच्या बुद्धीला पटेना.

"चोंगी तुझीच?"

"माहीच होय. पन मी तठी नाई ठेवली."

म्हणजे आग विझल्यावर ती तिथं कोणी आणून ठेवली होती. भैयाजींच्या डोक्यात चटकन नाव आलं, आणि ते नाव त्यांच्याच गिऱ्हाइकाचं होतं.

३

स्टेशनच्या चहाच्या टपरीवर बिसराम ठेकेदार भेटला. यंदाच्या लिलावात तो खुशालपुढं हरला होता. कोणी विचारण्याचीच तो वाट बघत होता.

"विमा केला अन् जळालं. आता समजून घ्या ना साहेब," तो डोळा मारत म्हणाला.

भैयाजींनाही क्षणभर तसंच वाटलं. पण पॉलिसी गेल्या सालच्या भावानं उतरवलेली, आणि यंदा पानाचा भाव चांगलाच चढलेला. बिडीवाल्याच्या गाड्या माल उचलायला यायच्याच होत्या. असं गोदाम पेटवणारा माणूस बदमाश नव्हे, मूर्ख म्हणावा लागेल. आणि खुशाल एकवेळ बदमाश निघाला असता, पण मूर्ख नव्हता.

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

बिसरामची मिजास जरा उतरली. "खरं सांगू का, मीच पयले धावलो. भांडन आपल्या जागी. पानी मारलं, हात पोरले. पाहा." त्यानं भाजलेला हात दाखवला.

"दार?"

"सताड उघडं. अन् फागू आतून निघून राहिला होता, धुरातून. खांद्यावर काहीतरी होतं. मले वाटलं पोतं वाचवून राहिला."

"किती पोती वाचवली त्यानं?"

"एवढंच. ते घेऊन खुशालच्या घराकडं पळाला, मंग परत आला अन् पानी माराले लागला."

भैयाजींनी चहाची बशी खाली ठेवली. गोदाम जळत असताना चौकीदार एकच पोतं उचलतो आणि ते मोकळ्या जागेत न टाकता मालकाच्या घरात नेऊन ठेवतो. कोणत्या पोत्याला एवढा मान मिळतो?

"हे जमादाराला का नाही सांगितलं?"

"कोनी विचारलं नाही," बिसराम म्हणाला, आणि मग डोळे चुकवत पुढं म्हणाला, "अन् खुशालचा घोटाळा होऊन राहिला त मी कायले मधी पडू? असं वाटलं तवा. आता वाईट वाटते."

४

खुशालच्या घराकडे जाताना वाटेत फागूची बायको दुर्पता उभी होती. एजंट साहेब आल्याचं तिला कळलं होतं. ती रडली नाही, हातही जोडले नाहीत.

"सोडान का त्याले?"

"बघतो बाई. गुन्हा नसेल तर सुटेल."

"सुटून काय करन? ठान्यात बसलेल्या मानसाले आमच्यात कोनी पानी देत नाही, पंगतीले घेत नाही. पंचायतीनं घेतलं त घेतलं. चोर म्हनून गेला, त चोर म्हनूनच येईन. ज्यानं नाव घेतलं त्यानंच पंचायतीत खोटं होतं म्हनाव, तरच. अन् ते कोन म्हनन?" एवढं बोलून ती बाजूला झाली.

भैयाजींना मघापर्यंत हे एक कोडं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही वाटत होती. ती मजा गेली.

खुशाल घरी नव्हता. सुलोचनाबाई आतल्या खोलीत अंगावर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. तापानं चेहरा उतरलेला, उजवा हात हळद लावून फडक्यात बांधलेला.

"हाताला काय झालं, वहिनी?"

"पेज सांडली."

बोलता बोलता फडकं सरकलं. भाजलं होतं ते तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला. पेज सांडली तर हाताच्या पाठीवर सांडते, पायावर सांडते. तळहात भाजतो तो माणूस तापलेली वस्तू धरायला जातो तेव्हा. भैयाजींनी देवाच्या फळीकडे पाहिलं. घर खात्यापित्याचं, देव पितळेचे, घंटी पितळेची, आणि त्यांच्यापुढं दिवा मात्र मातीची कोरी पणती.

ते काही विचारणार तोच सुलोचनाबाईंनी त्यांना विचारलं.

"भैयाजी, तुमी गावातून आले ना? फागू आला का जी चिचगडहून? त्याची पाठ लय पोरली होती. दुर्पताही येत नाही कामाले. आमच्या यायले विचारलं त म्हनतात, सासुरवाडीले गेला, बरा आहे."

बाईला काहीच माहीत नव्हतं.

५

ते पुन्हा गोदामाकडे गेले आणि दारालगतची भिंत आतून नीट पाहिली. उजव्या हाताला खाली एक लहान देवळी होती. सगळ्या भिंतीवर कोरडी काजळी होती, बोट लावलं की भुकटी यायची. देवळीच्या पोटात मात्र ती चिकट होती, मातीत खोल मुरलेली, आणि बोटाला टोरीच्या तेलाचा वास आला. मोहाच्या बियांचं हे तेल इकडं दिव्यात घालतात. एका दिवसात माती एवढं तेल पीत नाही. इथं रोज दिवा लागत होता.

ते परतले तेव्हा खुशाल ओसरीवर होता. भैयाजी त्याच्यासमोर बसले आणि हळू आवाजात, आतल्या बाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलू लागले.

"कुलूप किल्लीनं उघडलेलं होतं. एक किल्ली तुझ्याजवळ गोंदियाला. म्हणजे दुसरी हरवलेली नाही, घरातच आहे. आग आतून, दाराजवळून लागली, देवळीतल्या दिव्यानं. देवाच्या फळीवरचा पितळी दिवा नाहीसा झाला आणि वहिनींचा तळहात भाजला, म्हणजे पडता दिवा धरायला त्यांनी हात घातला. फागू खांद्यावर घेऊन निघाला ते पोतं नव्हतं, खुशाल. तुझी बायको होती. आणि ती चोंगी विझल्या राखेशेजारी तू नेऊन ठेवलीस."

खुशालनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तिच्या माहेरी सांजच्याला धानाच्या ढोलीले दिवा दाखवतात," तो शेवटी म्हणाला. "लक्षुमी म्हनून. कंपनीत तुझं नाव आहे म्हटलं, त तिनं ते मनावर घेतलं. माहं गोदाम, माही लक्षुमी. रोज दिवा ठेवून येत होती. मी हसत होतो. धानाले दिव्यानं काय होते? पन हे तेंदूपान, भैयाजी. पोतं घसरलं, दिव्यावर आलं, अन् झालं. मी गाडीतून उतरलो त भिंतीच उरल्या होत्या."

"मग सरळ तसं सांगायचं! फागूचं नाव का घेतलंस? ज्यानं तिला वाचवलं, त्याचं?"

खुशालनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तुमीच त सांगितलं होतं ना, भैयाजी."

"मी?"

"पालिसी देतानी. हाटेलात बसलो होतो आपुन. म्या विचारलं, पैसा कवा भेटत नाही? तुमी म्हटलं, मालकाच्या घरच्यांच्या हातानं आग लागली त एक छदाम नाही. कंपनीत तिचं नाव, म्हंजे तीच मालक. कोनाचं तरी नाव सांगनं भाग होतं. वाटलं, पुरावा नाही, फागूले दोन रोजात सोडतीन. त्याले मी भरून देईन."

भैयाजींना ते हॉटेल आठवलं. गाडीची वेळ झाली होती, भजी गार होत होती, आणि आपण फार जाणते आहोत हे दाखवायची त्यांना घाई होती. पॉलिसीत लिहिलं होतं ते एवढंच, की मालकानं मुद्दाम पेटवलं तर भरपाई नाही. हातून चूक झाली, दिवा कलंडला, तर मालक असो की मालकीण, विमा असतो तो त्यासाठीच. हे सांगायला आणखी चार वाक्यं लागली असती. त्यांनी ती वाचवली होती.

"खुशाल," भैयाजी म्हणाले, "खरं सांगितलं असतंस तर पैसे मिळाले असते. दिव्याच्या आगीचे पूर्ण मिळाले असते. दाव्याच्या कागदात खोटं लिहून दिलंस, त्यानं आता सगळं रद्द होतं."

खुशाल त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. त्याला रडूही येईना. भैयाजींना वाटलं, यानं आपल्या थोबाडीत मारावी. त्यानं मारली नाही, हे जास्त लागलं.

मागं दार वाजलं. सुलोचनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. पुरेसं ऐकलं होतं.

"फागू ठान्यात आहे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "मले उचलून आनलं त्यानं, अन् त्याले ठान्यात बसवलं तुमी? मले सांगता चिचगडले गेला?"

"सुलोचना, तुले ताप आहे, तू..."

"कागदावर माहं नाव आहे ना? मंग मीच सांगीन." त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तापल्या अंगानं ओसरीच्या पायऱ्या उतरल्या. दोघे पुरुष त्यांच्या मागं चालू लागले.

६

फागू सुटला. जमादारानं आधी कपाळावर हात मारला, मग खुशालला चांगलं झापलं आणि तक्रार मागं घेतल्याचं लिहून घेतलं. फागूला त्यानं विचारलं, "अरे बाबा, बोलला का नाहीस?"

"बाईमानसाचं नाव ठान्यात कसं घेऊ जी?" फागू म्हणाला. "इज्जतीची गोष्ट आहे." त्यानं सुलोचनाबाईंच्या हाताकडे पाहिलं, बरं आहे ना असं मानेनंच विचारलं. खुशालकडे त्यानं पाहिलं नाही. रागानं नव्हे, समोरचा उघडा पडला की भला माणूस नजर फिरवतो, तशी त्यानं फिरवली. खुशालला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावर, फागूच्या जातीच्या वस्तीत, पंचायत बसली. भैयाजींना खरं तर गाडी होती. ते थांबले.

पंचांतला म्हातारा मनिराम मधोमध बसला होता. फागू एकीकडे, वेगळा, दुर्पताही त्याच्यापासून हातभर लांब. सुलोचनाबाई बायकांच्या कडेला बसल्या होत्या. खुशाल उभा राहिला आणि साऱ्यांसमोर म्हणाला, की फागूनं आग लावली नाही, त्यानं माझ्या बायकोला वाचवलं, मी त्याची चोंगी उचलून तिथं ठेवली आणि खोटं बोललो. ठेकेदार म्हणून याच लोकांवर ओरडणारा त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना ऐकू आलं नाही. मनिरामनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

"पंगतीचा खर्च तुह्या अंगावर," मनिराम म्हणाला. "फागूवर नाही." आणि मग त्यानं विचारलं, "पन शेठ, तू असा नव्हता. हे शिकवलं कोनं तुले?"

खुशाल होता तिथंच मातीत खाली बसला. त्यानं भैयाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. भैयाजी गर्दीच्या कडेला उभे होते, हातात पिशवी होती, आणि स्टेशनची वाट मोकळी होती. या टोल्यावर त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. विमा कंपनीत हे कोणाला कधी कळलं नसतं.

"मी," ते म्हणाले. "मी त्याला अर्धवट सांगितलं. चुकीचं सांगितलं."

माणसं वळून बघू लागली. मनिरामनं त्यांच्या कोटाकडे, बुटांकडे पाहिलं. "मंग तुमी पन बसा त्याच्याजवळ," तो म्हणाला.

भैयाजी बूट काढून मातीत खुशालशेजारी बसले. खुर्ची पुसून द्यायला कोणी आलं नाही.

मनिरामनं लोटा उचलून फागूच्या ओंजळीत पाणी घातलं. फागू प्याला, आणि दुर्पतानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. मग फागूनं तो लोटा आपल्या हातात घेतला. जातीत परत घेतलेल्या माणसानं सगळ्यांना पाणी द्यायचं, असा रिवाज होता. पंचांना झालं, बायकांत सुलोचनाबाईंना झालं, आणि मग तो या दोघांपुढं आला. खुशालनं ओंजळ पुढं केली. फागूनं पाणी घातलं. खुशाल ते डोळे मिटून प्याला.

भैयाजींनी ओंजळ केली. फागूचा हात थांबला.

"साहेब, एक विचारू का? मी तठी आत जळून मेलो असतो, त तुमच्या कागदात माहं काही होतं?"

मजुरांच्या अपघाताचा विमा वेगळा होता. त्याच दिवशी, त्याच हॉटेलात भैयाजींनी तो पिशवीतून काढला होता. खुशाल म्हणाला होता, एकट्या मानसाच्या धंद्याले कितीक विमे लागतात जी? आणि भैयाजींनी भजी संपवून तो परत पिशवीत टाकला होता.

"नाही," भैयाजी म्हणाले. "तुझं काही नव्हतं."

"बरं," फागू म्हणाला, आणि त्यानं लोटा कलता केला. पाणी भैयाजींच्या ओंजळीत पडलं, साठलं, बोटांच्या फटीतून मनगटावर, कोटाच्या बाहीत गळू लागलं. सगळे त्यांच्या पिण्याची वाट बघत होते. त्यांना ते तोंडापर्यंत नेता येईना.